घेणाऱ्याचा अंगठा

'राजीखुशीने' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. तासगावात वकिली करायची, त्यातही जमिनीची, म्हणजे दिवसभर हेच चालू. "सदरचे हक्कसोडपत्र आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहोत." शेजारी बहीण डोळे पुसत उभी, भाऊ तिच्यावर नजर ठेवून उभा, आणि कागदावर राजीखुशी! माझे सीनियर म्हणायचे, वृषाली, हा शब्द वाचायचा नसतो, नुसता लिहायचा असतो. त्यावरून मी त्यांच्याशी भांडले होते. मी कुणाशीही भांडते, ते एक सोडा.

मग ते यंत्र आलं आणि तो शब्द वाचायची पाळी सगळ्यांवरच आली.

यंत्र म्हणजे काय, साबणाच्या वडीएवढी राखाडी डबी. वर अंगठ्यापुरता खळगा, बाजूला मनगटाला बांधायचा पट्टा आणि एक दिवा, माणूस मनापासून राजी असेल तर हिरवा, नसेल तर लाल. दुय्यम निबंधकांच्या टेबलावर ती ठेवलेली असते. सरकारी नाव 'संमती पडताळणी संच'. ते नाव आमच्याकडे एकानेही घेतलं नाही. लोक तिला सरळ 'राजीखुशी' म्हणायला लागले. "झाली का हो तुमच्या बहिणीची राजीखुशी?" असं विचारतात आता.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. तीन भाऊ शालन नावाच्या एका बहिणीला घेऊन आले. तिच्या अंगावर नवीकोरी साडी, हातात खणाची पिशवी, म्हणजे माहेरची बोळवण आधीच झालेली. निबंधक गवंडी मॅडमनी विचारलं, "वडिलांच्या मिळकतीतला तुमचा हक्क भावांना सोडून देताय का?" शालन म्हणाली, "व्हय, राजीखुशीनं." आणि दिवा लाल!

थोरला भाऊ उखडला. "मॅडम, यंत्र बिघडलंय तुमचं!"

मी दुसऱ्याच कामासाठी आले होते, माझा काही संबंध नव्हता. पण मला राहवलं नाही. "यंत्र नाही बिघडलं, तुम्ही बिघडलाय," मी म्हणाले. "साडीवर जमीन घ्यायला निघालात होय? जरा तरी लाज बाळगा!" भाऊ पाय आपटत निघून गेले. शालन माझ्याकडे बघून रडली की हसली, ते कळलं नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

या यंत्राचं शास्त्र मी अशिलांना नेहमी समजावते, तसंच इथे सांगते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कृत्रिम हात बनवत होते. उरलेल्या दंडाच्या स्नायूंत जी बारीक वीज खेळते ती वाचायची आणि तिच्यावर तो हात चालवायचा, अशी युक्ती. एका माणसाला असा हात बसवला. तो भाकरी मोडायचा, शर्टाची बटणं लावायचा, सगळं झकास. पण मेहुण्याने चहाचा कप पुढे केला की हात किंचित अडायचा. माणूस तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा यायचा, हात बिघडलाय म्हणून. हाताला काही झालेलं नव्हतं. मेहुण्याशी त्याचं पटत नव्हतं.

त्यातून शोध लागला. अंगठा दाबायचा तर मेंदू दाबणाऱ्या स्नायूला निरोप धाडतो. पण माणसाला ते करायचंच नसेल, तर त्याच्याही आधी मागे ओढणाऱ्या स्नायूला एक अगदी हलका निरोप जातो. हात मागे येत नाही, कारण तो निरोप लगेच दाबून टाकला जातो. त्या माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. मनगटाच्या पट्ट्याला मात्र लागतो. आधी साधे प्रश्न विचारतात, नाव काय, आज जेवलात का. त्यावरून त्या माणसाची रीत कळते. मग खरा प्रश्न. रडणाऱ्या माणसाचाही दिवा हिरवा लागू शकतो, कारण रडू वेगळं आणि 'नको' वेगळं. गुंगीच्या गोळ्या खाऊन आलात तर दोन्ही स्नायू मंदावतात आणि यंत्र तुम्हाला घरी पाठवतं. सराव करून फसवता येत नाही, कारण जे आपल्याला कळतच नाही त्याचा सराव करायचा कसा?

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. यंत्राला फक्त 'नको' कळतं. का नको आणि कुणामुळे नको, हे त्याला ओ की ठो कळत नाही. ते माणसाने तोंडाने सांगायचं.

आधी फक्त देणाऱ्याचा अंगठा घ्यायचे. मग लोकांनी वाट काढली. बडी माणसं चौकशी टाळायला आपल्या जमिनी ड्रायव्हरच्या, स्वयंपाक्याच्या नावावर करायला लागली. देणारा राजीच असायचा, त्याचा दिवा हिरवागार. घेणारा बिचारा नोकरी जाईल म्हणून मान डोलवायचा. आम्ही वकिलांनी अर्ज केला, घेणाऱ्याचाही अंगठा घ्या, स्वीकारसुद्धा राजीखुशीनेच झाला पाहिजे. त्या अर्जावर पहिली सही माझी होती. नियम झाला. लाल दिवा लागला तर त्या माणसाला थोडा वेळ बसवतात, चहा देतात, पुन्हा विचारतात. दुसऱ्यांदाही लाल आला तर मिळकत गोठते आणि दडपण कुणाचं, त्याचं नाव लिहून घेतात. ते नाव वकिलाचं निघालं तर त्याची सनद गेलीच म्हणून समजा.

आता माझ्या घरचं सांगते.

वडील गेले त्याला वर्ष होऊन गेलं. मागे शेतातलं घर, विहीर आणि साडेतीन एकर द्राक्षबाग. वारस आम्ही तिघं. आई, मी आणि धाकटा सुशांत. कायद्याने तिघांचे हिस्से सारखे. सुशांत आईजवळ शेतावर राहतो, बाग बघतो. त्याची बायको पूनम रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मुलगी तिच्याजवळ शिकते. हा महिन्यातून एखादी चक्कर मारतो. चाललंय त्यांचं, असं मी लोकांना सांगायचे.

मी ठरवलं की आपला हिस्सा सुशांतला सोडून द्यायचा. मला काय कमी आहे? तासगावात माझं घर आहे, वकिली जोरात आहे, नवरा चांगला आहे. बाग एकाच्या नावावर झाली की सुशांतचं बस्तान पक्कं बसेल, आईला आधार राहील, माझ्याही डोक्याचा ताप जाईल. आईचा हिस्सा पुढेमागे त्याच्याकडेच जाणार. सगळं कसं नीट बसत होतं. आणि खरं सांगू? मला मिरवायचंही होतं. वकिलांच्या बार रूममध्ये सांगून ठेवलं होतं, बघा, जबरदस्तीशिवाय हक्क सोडणारी बहीण कशी असते ते.

सुशांतला फोन केला. "शुक्रवारी ये ऑफिसात. माझा हिस्सा तुझ्या नावावर करतेय."

तो म्हणाला, "बरं, ताई."

शुक्रवारी तो आईला घेऊनच आला. तासगावात आल्यावर गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय आई परत जात नाही. दर्शन घेऊन, प्रसादाचा पुडा हातात धरून ती ऑफिसातल्या मागच्या बाकावर बसली. कागदात तिचं काम नव्हतं, म्हणून मी तिला काही समजावूनही सांगितलं नाही.

"काय वृषालीताई, आज स्वतःच पक्षकार?" गवंडी मॅडम हसून म्हणाल्या.

"एकदा बघू म्हटलं आपलीही राजीखुशी," मी म्हणाले.

पट्टा बांधला. नाव सांगितलं, जेवण झालं का ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "वडिलांच्या मिळकतीतला तुमचा हिस्सा भावाला सोडून देताय का?"

"देतेय."

हिरवा! मी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. दोन ओळखीचे वकील होते, त्यांनी मान हलवली. मी खुर्चीवरून उठले ती एकदम राणीसारखी.

मग सुशांत बसला. नाव सांगितलं. नाश्ता केलाय म्हणाला. गवंडी मॅडमनी विचारलं, "बहिणीने सोडलेला हिस्सा तुम्ही स्वीकारता का?"

"हो," तो म्हणाला.

दिवा लाल झाला.

माझा विश्वासच बसेना. मी वाकून डबीकडे बघितलं, पट्टा सैल आहे का ते चाचपलं. लाल म्हणजे लालच. "मॅडम, यंत्र बिघडलंय तुमचं!" मी ओरडले. आणि ओरडल्यावर माझ्याच कानाला ते वाक्य ओळखीचं वाटलं.

गवंडी मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या सुशांतला म्हणाल्या, "म्हेत्रे, तुम्ही आतल्या खोलीत बसा. चहा येईल." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "नियमाने तुम्ही त्यांना भेटायचं नाही. पण मला एक फोन करायचाय. मी जरा बाहेर जातेय."

मी आत गेले. सुशांत बाकड्यावर हात गुडघ्यात घालून बसला होता. इतका मोठा बाप्या, शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा.

"काय झालं रे सुशा?"

"मला काय माहीत, ताई. मी हो म्हटलं की."

"तोंडाने म्हटलंस!"

"तोंडानेच म्हणतो मी तुला. पहिल्यापासून."

मला काही समजेना. "अरे, फुकट मिळतंय! लोक भावाभावांत डोकी फोडतात त्याच्यासाठी. दुसऱ्यांदा लाल आला तर काय होईल, ठाऊक आहे का? नाव विचारतील. दडपण कुणाचं म्हणून. काय सांगणार आहेस?"

त्याने मान वर केली. रागावलेला नव्हता, तेच तर वाईट. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दुसरं कुणाचं सांगू? तुझंच की."

मी मटकन बाकड्यावर बसले. पाणी तरी कुणी दिलं असतं! आजवर मी किती भाऊ, किती काके-मामे याच खोलीच्या दारात उभे करून झोडपलेत. माझं नाव? या खोलीत?

"मी तुला कधी धाक दाखवला रे?" माझा आवाज चिरकला.

"दाखवावा लागत नाही तुला. बाबा आजारी पडले तेव्हा तू फोन केलास. म्हणालीस, सुशांत, तू ये, मी कोर्टात अडकलेय, हंगामापुरतं बघ. मी रत्नागिरीतली नोकरी सोडून आलो. हंगाम संपला. तू म्हणालीस, आता बाबांना कसं सोडणार? मग बाबा गेले. तू म्हणालीस, आता आईला कोण? दरवेळी तुझं बरोबरच असतं गं. मी काय बोलणार?"

"बोलायचंस की! मी काय खाणार होते तुला?"

"तुझ्याशी बोलून कोण जिंकलंय आजवर, ताई?" तो पहिल्यांदाच जरा हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. "मी रत्नागिरीला गेलो की पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येते. पाहुण्याला आणतात तसा. पूनम आता कधी येणार म्हणून विचारतसुद्धा नाही. तरी मी मनाला सांगायचो, एक दिवस जाऊ. आज सगळी बाग माझ्या नावावर झाली की संपलंच. मग कुठला जातोय मी?"

मला राग आला. खरं सांगते, वाईट नंतर वाटलं, आधी राग आला. एवढं सगळं सोडून देत होते मी, आणि हा मला गुन्हेगार ठरवतोय! माझं डोकं असं फिरलं की मी ताडकन उठले.

"ठीक आहे," मी म्हणाले. "नको ना तुला? मग तूच सोड. तुझा हिस्सा मला लिहून दे. बाग मी बघते, आईला मी बघते. तू जा रत्नागिरीला."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मला आणखीच लागलं. "खरंच, ताई? बघ हं. मागनं फिरशील."

"मी शब्दाची पक्की आहे."

बाहेर येऊन गवंडी मॅडमना सांगितलं की आधीचं रद्द, नवं करतोय. त्यांनी भुवया वर केल्या, पण नियमात बसत होतं. पडद्यावर नावांची अदलाबदल केली की कागद तयार होतो हल्ली. देणार सुशांत, घेणार वृषाली.

सुशांतने अंगठा ठेवला. हिरवा! इतक्या चटकन की गवंडी मॅडमसुद्धा चमकल्या. सुशांतने मोठा श्वास सोडला, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा.

मग मी बसले. मला काळजी कसली? मी मनापासून ठरवलं होतं. रागात का होईना, ठरवलं होतं ना! गवंडी मॅडमनी विचारलं, "भावाने सोडलेला हिस्सा, त्यावरच्या जबाबदारीसकट, तुम्ही स्वीकारता का?"

"हो. स्वीकारते," मी खणखणीत आवाजात म्हणाले.

लाल.

माझे ते ओळखीचे वकील एकदम आपापल्या फायलींत डोकं घालून बसले. मी अंगठा काढला, पदराला पुसला. लाल गेला नाही. शपथेवर सांगते, मी खोटं बोलले नव्हते! मला आतून काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. आणि माझ्याच मनगटाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं की मला ही बाग नको, ते घर नको, आणि... पुढचं मला मनातसुद्धा म्हणवेना.

मी सुशांतकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या पाठीमागे बघत होता.

आई बाकावरून उठून टेबलाशी येऊन उभी राहिली होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण दिवा बघायला काय, कुणालाही दिसतो.

"बाई," तिने गवंडी मॅडमना विचारलं, "लाल म्हंजे नको, व्हय?"

गवंडी मॅडम गडबडल्या. "म्हणजे आजी, तसं अगदी नको असं नाही. मनापासून नाही, एवढंच."

"दोघांचंबी लालच आलं."

"आई, तू बस जरा," मी म्हणाले. "ते यंत्र फक्त स्नायू बघतं. त्याचा अर्थ—"

"तू गप बस."

माझ्या आईने मला गप बस म्हटल्याचं मला आठवत नाही. मी गप बसले.

आई पुन्हा गवंडी मॅडमकडे वळली. "ह्यात माझाबी हिस्सा हाय न्हवं?"

"आहे की. तिघांचा सारखा आहे."

"मग ह्या दोघांनी आपलं मला सोडलं, तर चालतंय?"

"चालतं. तुम्ही सहहिस्सेदार आहात."

"मग तसं करा. मी घेते."

आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो. सुशांत म्हणत होता, आई, असं काय करतेस. मी म्हणत होते, "आई, तुला काय झेपणार आहे? छाटणी, फवारणी, मजूर, व्यापारी... या वयात तू एकटी कुठे कुठे पुरणार? हा काय पोरखेळ आहे का?"

"वृषाली," आई म्हणाली, "तू आत्ता वकील कुणाची हाईस?"

इतकी वर्षं कोर्टात उभी राहतेय, पण त्या प्रश्नावर मी खुर्ची सोडून उठले.

तिसरा कागद तयार झाला. आधी सुशांत बसला. हिरवा. मग मी. माझा हिस्सा आईला सोडून देते का? देते. हिरवा, लगेच. सकाळी ज्या हिरव्या दिव्याने मी राणीसारखी उठले होते, त्याच दिव्याकडे आता मला बघवेना. आम्ही दोघांनी मिळून सगळं आईच्या पदरात टाकलं होतं आणि आमच्या मनगटांना जरासुद्धा जड गेलं नव्हतं.

आईच्या अंगठ्यावर कामाने भेगा पडल्यात. गवंडी मॅडमनी तो ओल्या रुमालाने पुसला, पट्टा बांधला. नाव? मंगल रघुनाथ म्हेत्रे. जेवलात का? प्रसाद खाल्लाय. मग मॅडम म्हणाल्या, "ही सगळी मिळकत, दोन्ही मुलांच्या हिश्श्यांसकट, तुम्ही एकट्या—"

दिवा हिरवा झाला.

"आजी, प्रश्न तरी पुरा होऊ द्या!"

"करा की पुरा. मी कुठं पळून चाललेय?"

मॅडमनी प्रश्न पुरा केला. आई "व्हय" म्हणाली. दिवा हिरवाच होता. मला वाटलं, बिचारी. लेकरांना नको म्हणून छातीवर दगड ठेवून घेतेय. पण यंत्र तसं म्हणत नव्हतं, आणि माझा तर यंत्रावर पक्का विश्वास! तिला ती जमीन खरोखरच हवी होती.

"काय करणार आहेस आई, एवढ्याचं?" सुशांतने विचारलं.

"इकणार," आई म्हणाली.

"काय?" आम्ही दोघंही ओरडलो.

"बाग काढायची आन् इकायची. कुरुंदवाडला माझी धाकटी भन एकटी हाय, तिच्याकडं जाऊन ऱ्हानार. नदी हाय, घाट हाय. संध्याकाळी जाऊन बसायला बरं. तुमचं बाबा गेल्यावर तवाच जानार हुते मी."

सुशांत आईजवळ आला. "मग... मग गेली का नाहीस?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "मला वाटलं, पोराला बागेचं येड हाय. बायकापोरं तिकडं टाकून हितं राबतंय. मी बी गेले तर भाकरी कोन घालनार ह्याला? म्हनून ऱ्हायले."

"आई, मी तुझ्यासाठी राहिलो होतो!"

"ते कळलं आता."

सुशांत खाली फरशीवरच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसायला लागला. मला रडू येईना. एका छपराखाली, एका ताटलीतून भाकरी वाढून घेत, दोघं एकमेकांसाठी अडकून बसली होती. आणि त्यांना तिथे नीट बसवून देणारी मी. दर रविवारी गाडी घेऊन जायचे, दोघांचं कसं छान चाललंय म्हणायचे, द्राक्षांची पेटी घेऊन परत यायचे! मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

आईने सुशांतच्या डोक्यावर हात फिरवला. "ऊठ. एस्टी बघ रत्नागिरीची. पूनमला फोन नको करू, जाऊनच उभा ऱ्हा दारात." तो उठला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

गवंडी मॅडमनी शिक्का मारून कागद आईच्या हातात दिला. आईने तो पिशवीत घातला, प्रसादाचा पुडा वर ठेवला. मग म्हणाली, "खरेदीखत करायचं म्हंजे वकील लागंल न्हवं?"

"मी आहे की, आई," मी घाईघाईने म्हणाले. "सगळं मी बघते. चांगलं गिऱ्हाईक आणते, तुला एक पै कमी पडू देत नाही. कुरुंदवाडला तुझं सामानसुद्धा मीच पोचवते. दर रविवारी येत जाईन तुझ्याकडे."

आईने हात वर करून मला थांबवलं. मग टेबलावरच्या डबीकडे बोट केलं.

"तोंडानं नको. तितं अंगठा ठिव आन् सांग."

पट्टा सुटा पडला होता, खुर्ची रिकामी होती. सुशांत दाराशी थांबून बघत होता. माझं आईवर प्रेम आहे, हे मी हजार लोकांसमोर सांगेन, कोर्टात सांगेन, देवळात सांगेन. मी दोन पावलं पुढे झाले. खुर्चीच्या पाठीवर हातही ठेवला. आणि मला भीती वाटली. पुन्हा लाल आला तर? सकाळपासून मला दोनदा वाटलं होतं की मला माझं मन ठाऊक आहे. मी खुर्ची मागे ओढली, पण बसले नाही.

आईने पिशवी खांद्याला लावली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तासगावात वकील पुष्कळ हायत."